जमीन बघून हवा

तळवली, घणसोली
रविवार, दुपार

प्रिय संघप्रिया,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू घाबरली असशील, म्हणून आधी तेच सांगतो. घरात सगळे धड आहेत. माझ्या छातीचं यंत्र गोळ्यांवर का होईना पण चाललंय, मालतीचा गुडघा नेहमीसारखाच कुरकुरतोय, धनेशलाही काही झालेलं नाही. तू फोनवर चार ओळी पाठवल्यास, त्या मी त्याच दिवशी वाचल्या. वाचल्याच्या निळ्या खुणा तुला दिसल्या असणार, आणि पुढे काहीच आलं नाही हेही दिसलं असणार. उत्तर द्यायला मी रोज बसत होतो. अंगठ्यानं दोन शब्द दाबायचे आणि पुसायचे. शेवटी म्हटलं, आपल्याला जे बोलायचंय ते त्या इवल्याशा चौकटीत मावायचं नाही. स्टेशनाजवळच्या दुकानातून कागद आणि पाकीट घेऊन आलो. पाकिटावर तुझं नाव लिहिलं आणि आडनावापाशी पेन थांबलं. सहा वर्षं तू या घरची सून होतीस, आता दोन वर्षं झाली, नाहीस. मग तुझं माहेरचं आडनाव लिहिलं, तुझ्या वडिलांचं. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. पण 'आबा' म्हणून सही करायचा हक्क मला अजून आहे असं मी धरून चाललोय. नसेल तर कळव.

जीप दारातच आहे, ताडपत्रीखाली. डॉक्टरांनी खडबडीत रस्त्याला बंदी घातली तेव्हापासून ती जागची हललेली नाही. अधूनमधून मी नुसतं इंजिन चालू करतो, घरघर ऐकतो आणि बंद करतो. शेजारचा गोटीराम भेटला की विचारतो, 'हिरामन, भंगारात कवा देतोस?' घेतली तेव्हाही हाच माणूस हसला होता. आमच्या जमिनी शहरासाठी गेल्या, बदल्यात साडेबारा टक्क्यांतला भूखंड मिळाला, आणि गावात ज्यानं त्यानं त्यावर काही ना काही उभं केलं. मीही घर बांधलं, वरचे मजले भाड्यानं दिले. पण कंपनीतून निवृत्त झालो आणि मला काय सुचलं कोण जाणे, खोपोलीच्या एका माणसाकडून चारही चाकं ओढणारी ही जुनी जीप घेऊन आलो. मालती म्हणाली, 'शेत नाय ऱ्हायला, आता ह्यो रेडा कनाला पालताव?' कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझं अर्धं आयुष्य चिखलात गेलं होतं. खाडीकडच्या आमच्या भातखाचरांत आज टॉवर उभे आहेत, पण तिथला चिखल माझ्या पायांना पाठ होता. साठी आली आणि पायांखाली नुसती फरशी आणि डांबर उरलं. मला चिखल हवा होता, एवढंच. हे असं बायकोला सांगता येत नाही.

तुला सांगता आलं, आणि ते कसं जमलं याचं मला अजून नवल वाटतं. तू या घरात आलीस तेव्हा काही चांगलं वातावरण नव्हतं. धनेशनं सांगितलं, मुलगी महापेच्या कंपनीत इंजिनियर आहे, दिघ्याला राहते, घरचे परभणीकडचे, बौद्ध आहेत. मी हो म्हटलं. मालतीनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. गावातले लोक तोंडावर काही बोलले नाहीत, पण हळदीच्या दिवशी मांडवातल्या निम्म्या पंगती रिकाम्या राहिल्या. तू ते बघितलंस आणि एका शब्दानं कधी बोलली नाहीस. पहिलं वर्षभर मालती तुझ्या हातचा चहा पुढ्यात ठेवून घ्यायची आणि तो तसाच निवायचा. दिघ्याला तुझ्या आईकडे जायची वेळ आली की तिचं काहीतरी दुखायचं, आणि गेलीच तर पाण्याच्या घोटालाही थांबायची नाही. घरात तुला बोलायला धनेश होता, तोही रात्री उशिरा यायचा. आणि एक मी होतो. पण सासरा आणि सून, दोघांनी बोलायचं तरी काय? आपण भाजीच्या भावावर बोलायचो, आठवतं?

मग ते कर्जतचं झालं. त्या फार्मवर पावसाळ्यात जीपवाले जमायचे, चिखलात गाड्या घालायचे. मी धनेशला म्हटलं चल, तो म्हणाला, 'आबा, सुट्टीच्या दिवशी मी स्वतःहून चिखलात जाऊ?' तू पोह्यांच्या बश्या उचलत होतीस. तशीच थांबून म्हणालीस, 'मी येऊ?' मालतीनं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. आणि गेलो आपण. तिथे पोचल्यावर मी मोठ्या ऐटीत गाडी आत घातली आणि पन्नास पावलांत ती पोटापर्यंत रुतली. मी गाडी रेटत बसलो, चाकं जागच्या जागी फिरत होती, काठावरची पोरं हसत होती. तू दार उघडून खाली उतरलीस, नव्या ड्रेससकट चाकाजवळ गुडघ्यांवर बसलीस आणि वॉल्व्हची टोपी काढून किल्लीच्या टोकानं हवा सोडायला लागलीस. मी ओरडलो तुझ्यावर. चांगल्या टायरची हवा घालवतेस म्हणून ओरडलो. तू वर न बघता म्हणालीस, 'आबा, हवा कमी झाली की टायर पसरतो. पसरला की भार वाटला जातो, मग तो चिखल उकरत नाही, चिखलावर उभा राहतो.' चारही चाकांची सोडलीस. तीसची हवा अठरावर आणलीस. मग म्हणालीस, 'आता पहिल्या गिअरमध्ये, हळू. रागानं नको.' गाडी निघाली, गाभण म्हैस उठते तशी, सावकाश. मी काठावर येऊन इंजिन बंद केलं आणि मला माझी आई दिसली. डोक्यावर आवणाचा, भाताच्या रोपांचा, भारा घेऊन ती खाचरातून चालायची तेव्हा पाऊल सपाट टाकायची, बोटं फाकवून, आणि आम्हा पोरांना म्हणायची, 'टाच नको रोवू, पाय पसर.' मी तुला ते सांगितलं. माझ्या आईबद्दल पहिल्यांदा तुझ्याशी बोललो ते तिथे, चिखलानं माखलेल्या अवस्थेत.

त्यानंतर आपलं सुरूच झालं. तू मला शिकवलंस की हवेचा एकच आकडा बरोबर असं काही नसतं, आधी जमीन बघायची. आणि चिखल म्हणजेही एक चिखल नव्हे, हे मी तुला शिकवलं, तेवढं श्रेय मला दे. तू वही-पेन्सिलवाली नव्हतीस, करून बघणारी होतीस. अवघड जागा आली की गाडी थांबवायचीस आणि विचारायचीस, 'आबा, खाली काय आहे?' मी चपला काढून आत उतरायचो. पाऊल जात राहिलं तर सांगायचो, 'तळ नाही, अजून सोड.' वीतभर जाऊन टणक लागलं तर सांगायचो, 'खाली कडक आहे, फार सोडू नकोस.' तळ कडक असेल तर तू हवा पंचवीसच्या आसपास ठेवायचीस, टायर वरचा राडा कापून खालच्या घट्ट जमिनीला धरायचा. लोक हसायचे. सून गाडी चालवते आणि सासरा अनवाणी पुढे चालतो, असली जोडी कुणी पाहिली नव्हती. मला तर वाटायचं, निवृत्तीनंतर मला नोकरी लागली.

जैसलमेरला तर आपण चौघं गेलो होतो. ते दिवस मी पुन्हा पुन्हा काढून बघतो. धनेशनं सुट्टी घेतली, मालती 'वाळू काय बघायची, आपल्याकडं उरनला काय कमी हाय' म्हणत म्हणत तयार झाली. वाळूच्या पहिल्याच टेकडीपाशी तू हवा पंधरावर आणलीस. इतकी कमी मी कधीच बघितली नव्हती, टायर पोट सुटलेल्या माणसासारखे दिसत होते. तू बजावलंस, 'एवढ्या कमी हवेत झटक्यात वळवायचं नाही, टायरची कडा रिमवरून सुटते.' मग धनेश म्हणाला, मला दे. तू लगेच उतरलीस. आणि तो सुटला! त्या दिवशी तो किती हसत होता, तुझ्याकडे वळून वळून बघत होता, टेकडीवरून उतरताना शाळकरी पोरासारखा ओरडत होता. शेवटी त्यानं तुला दाखवायला म्हणून गर्रकन वळवलीच. कडा सुटली, टायर बाजूला आणि रिम वाळूत. भर उन्हात आपण जॅक लावला, जॅकखाली पाट ठेवला, कडेतली वाळू बोटांनी पुसून काढली, टायरभोवती पट्टा आवळला आणि हवा भरत बसलो. 'टप्प' करून कडा जागेवर बसली तेव्हा धनेशनं तुला उचललंच, आईबापासमोर. मालतीनं तोंड फिरवलं, पण ती हसत होती. मग तिला तहान लागली. आमच्या बाटल्या संपल्या होत्या. तू तुझी पुढे केलीस. मालतीनं क्षणभर ती हातात धरली आणि तोंड लावून घटाघटा प्यायली. तू दुसरीकडे बघत होतीस, मुद्दाम बघत होतीस हे मला कळलं. त्या रात्रीपासून घरातला चहा निवायचा थांबला.

धनेश वाईट नाही, हे मी तुला लिहायची गरज नाही. तुलाही ते ठाऊक आहे, म्हणून तर कोर्टातसुद्धा तू त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढला नाहीस.

आता मुरबाडकडच्या त्या दुपारबद्दल लिहितो. आपण तिघं त्यावर कधी एकत्र बसून बोललो नाही, आणि नंतर ती संधीही राहिली नाही. थंडीचे दिवस होते, नदीचं पात्र सुकलेलं, नुसते गोटे. दगडांवर तू अठराच ठेवली होतीस, मला सांगितलंस की मऊ टायर दगडाला कवटाळतो, पण याहून खाली गेलो तर रिम आपटेल आणि टायरची बाजू फाटेल. धनेश मागे बसला होता. आपण पात्राच्या वरच्या टोकाला पोचलो आणि माझ्या छातीवर कुणीतरी पोतं ठेवलं. मी आधी बोललो नाही. घाम फुटला तेव्हा तू बघितलंस. धनेशनं मला मागे घेतलं, माझं डोकं मांडीवर घेतलं, आणि तू तीच दगडांची वाट उलटी पार केलीस. हळू, एकही धक्का बसू न देता. तसं चालवणं मी परत कुणाचं पाहिलं नाही. डांबर लागलं आणि धनेश म्हणाला, 'आता पळव.' आणि तू गाडी बाजूला घेऊन थांबवलीस.

तू खाली उतरून कॉम्प्रेसर जोडलास. धनेशला क्षणभर कळलंच नाही तू काय करतेस ते. मग तो ओरडला, 'आबा जातायत आणि तू हवा भरतेस?' तू म्हणालीस, 'या हवेवर पळवली तर टायर तापून फुटेल. फुटला तर कुणीच पोचणार नाही. हळू नेली तर वेळेत पोचणार नाही.' तो ॲम्ब्युलन्सला फोन लावत होता, तिकडून सांगत होते की यायला तासभर लागेल. तो दार आपटत होता, तुला शिव्या देत होता, माझ्या कपाळावर हात फिरवत होता, सगळं एकाच वेळी. मला त्या यंत्राची खडखड ऐकू येत होती. खिडकीतून तू दिसत होतीस. तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नजर काट्यावर होती. तू माझ्याकडे बघितलंस, आणि मी म्हणालो, 'भर.' मी म्हणालो, संघप्रिया. धनेश तेव्हा फोनवर होता. त्यानं ते ऐकलं नाही, आणि नंतर मी शंभर वेळा सांगूनही त्यानं मानलं नाही. म्हणाला, 'आबा, तुम्ही शुद्धीत नव्हता.' मालती म्हणाली, 'पोरीवर तुमची माया हाय म्हनून बोलताव.' माणूस स्वतःच्या छातीबद्दल बोलतो आणि घरचेच त्याला साक्षीदार धरत नाहीत, हे मी त्या वेळी शिकलो.

सव्वीसपर्यंत भरून तू निघालीस आणि कल्याणला पोचवलंस. मी वाचलो. पण तिथल्या डॉक्टरांच्या तोंडून, अगदी सहज, एक वाक्य निघून गेलं, 'थोडं आधी आला असतात तर हृदयाचा स्नायू अजून वाचला असता.' त्यांनी ते कुणाला दोष द्यायला म्हटलं नव्हतं, डॉक्टर असं सगळ्यांनाच सांगतात. पण धनेश ते वाक्य घेऊन घरी आला आणि ते आपल्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसलं. नंतर कशावरूनही भांडण निघालं तरी ते तिथेच जाऊन थांबायचं. मी जिना चढताना धापा टाकल्या की तो तुझ्याकडे बघायचा. नुसता बघायचा. लग्न काही एका दुपारीत मोडत नाही, हे मलाही कळतं. घाबरला की धनेश धावतो, तू घाबरलीस की थांबतेस. सुखाच्या दिवसांत हे एकमेकांना शोभून दिसायचं. त्या दिवसानंतर त्याला तुझं थांबणं सहन होईना आणि तुला त्याचं बघणं. पुण्याची नोकरी घेऊन तू गेलीस तेव्हा मी गेटपर्यंत आलो होतो. तू माझ्या पाया पडलीस आणि म्हणालीस, 'गोळ्या चुकवू नका.' आणि रिक्षात बसलीस. मी मात्र बराच वेळ उभा होतो.

मधल्या काळात तुझी खबर मला तुझ्या आईकडूनच मिळायची. वाशीच्या मार्केटात गिरजाबाई कधी कधी भेटतात. जयभीम करतात, मीही करतो. मागच्या दिवाळीआधी भेटल्या तर म्हणाल्या, 'कामून उगं बाजारात बोलायलाव, घरी या की चहाला.' मी म्हटलं येतो, पण गेलो नाही. काय नात्यानं जाणार? मात्र तू चाकणच्या कंपनीत टायरच्या चाचण्या घेतेस, गाड्या मुद्दाम वाळूत आणि दगडांत घालून बघतेस, हे त्यांनी सांगितलं तेव्हा तिथल्या तिथे, कांद्याच्या गोण्यांमध्ये उभा राहून मी इतका मोठ्यानं हसलो की हमाल बघायला लागले. त्यांनाही हसू आलं. मग त्या हळूच म्हणाल्या, 'तिचे बाबा असते तर तेबी असेच हसले असते.'

आणि मग तुझ्या त्या चार ओळी आल्या. तू पुन्हा लग्न करतेस, विपुल नावाच्या मुलाशी, तुझ्याच कंपनीतला. पुण्यात नोंदणी पद्धतीनं, थाटमाट काही नाही. तीन साक्षीदार लागतात, एक गिरजाबाई, एक तुझी मैत्रीण पायल, आणि तिसरी सही माझी हवी, मी करेन का. शेवटी लिहिलंस, 'नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही.' मी ते वाचून फोन उशीखाली ठेवला, जणू तो कुणाला ऐकू जाईल. मला आनंद झाला नाही असं नाही. झालाच. पण त्या आनंदाला या घरात ठेवायला जागा कुठे होती? मालतीला दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. धनेशला सांगायला मला आठवडा लागला. रात्री जेवताना सांगितलं. तो ताटावरून उठला नाही, जेवण पूर्ण केलं, हात धुतला आणि वर त्याच्या खोलीत गेला. नंतर कितीतरी दिवस तो त्या विषयावर बोलला नाही आणि मीही तुला उत्तर दिलं नाही. मुलाच्या काळजावर पाय देऊन मला तुझ्याकडे यायचं नव्हतं, आणि तुला नाही म्हणणं माझ्या हातून होत नव्हतं.

आज सकाळी झोपेतून उठलो ते खडखडीनं. गॅलरीतून खाली बघितलं तर ताडपत्री निघालेली, आणि धनेश जीपच्या चाकाशी उकिडवा बसून हवा भरत होता. टायर उभ्या उभ्या पार बसले होते. मी खाली गेलो. तो म्हणाला, 'पुण्याला जायचं तर घाटात असे चालायचे नाहीत.' मी पायरीवर बसलो. पुढची दोन झाली, मागची दोन झाली. मध्ये मालती चहा ठेवून गेली. चौथ्या चाकाची टोपी लावून तो तसाच बसून राहिला, हातातल्या घड्याळाकडे बघत. मग म्हणाला, 'आबा, मला वाटायचं ती तिथे अर्धा तास बसली होती.' पार बसलेली चारही चाकं भरायला वीस मिनिटंही लागली नव्हती, आणि त्या दिवशी तर निम्म्याहून जास्त हवा टायरात आधीच होती. तो उठला. हात पुसले, थंड झालेला चहा एका घोटात प्यायला आणि म्हणाला, 'मी नेतो तुम्हाला. वाकडपर्यंत. पुढे तुम्ही रिक्षानं जा, मी नाही येणार.' तू याचं वाईट वाटून घेऊ नकोस. वाकडपर्यंत येणं म्हणजेसुद्धा धनेशसाठी पुष्कळ लांब येणं आहे.

तर उत्तर हे. मी येतोय आणि सही करणार. गोळ्यांमुळे हात थोडा थरथरतो, तेवढं तिथल्या साहेबांना आधी सांगून ठेव, घाई करू नका म्हणावं. विपुलरावांना माझा आशीर्वाद सांग. आणि अजून एक. मालतीही येतेय. पत्र लिहायला बसलो तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, 'मना पन यायचाय.' कपाटातून तिनं हिरवी साडी काढून ठेवली आहे, तुझ्यासाठी आहे की गिरजाबाईंसाठी ते मला सांगत नाही. आदल्या दिवशीच पोचू म्हणते. लॉजवर राहायला ती तयार नाही. तुझ्या आई तिथे असतीलच, तर त्यांच्याच खोलीत तिची पथारी पडली तर चालेल का, हे त्यांना विचारून कळव. हे मालतीनं विचारायला सांगितलंय, मी नाही.

तुझाच,
आबा